गाणाऱ्या बाईचा खण

हरिभाऊंनी गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नाही. गिऱ्हाईक काहीही बोलो, ते मान जरा डावीकडे कलती करायचे आणि म्हणायचे, "बरं. तसं करू." एवढ्या भांडवलावर त्यांनी सात-आठ वर्षं फोनो, म्हणजे ग्रामोफोन, भाड्याने देण्याचा धंदा केला. तो धंदा बसला तेव्हाही मी शेजारीच उभा होतो, पण ते पुढे येईल.

चिंचवड स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढची एक खोली. फळ्या काढल्या की दुकान उघडलं, फळ्या लावल्या की बंद. मागच्या खोलीत बिऱ्हाड. समोरच्या चाळीत मी राहायचो. पिंपरीच्या माळावर औषधांचा नवा कारखाना निघाला होता, तिथे मी कारकून होतो आणि त्याचा मला भलताच ताठा होता. हरिभाऊ मला "कारकूनसाहेब" म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि मान किती हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यांच्याकडे एकच चावीचा फोनो होता, पितळी कर्ण्याचा, आणि पेटीभर तबकड्या. पूर्वी पुण्यात ते घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे स्प्रिंगेशी त्यांचं जमायचं. चावी देताना ओठांतल्या ओठांत फेरे मोजत. पिन बोथट झाली की नाही हे अंगठ्याच्या नखावर टेकवून बघत. चाकणच्या बाजूला तेव्हा वीज नव्हती, तेव्हा लग्न म्हटलं की हरिभाऊंना बैलगाडी यायची. मशीन गवतावर ठेवत, पण कर्णा मांडीवर घेऊन बसत. कडाक्याच्या उन्हात, काळी टोपी घालून, पितळी कर्णा मांडीवर घेतलेला हा किडकिडीत माणूस मोशीच्या रस्त्याने जाताना बघून पोरं मागे धावायची. ते कुणावर ओरडले नाहीत.

गिऱ्हाइकांनी त्यांना काय काय करायला लावलं! एका लग्नात वधूपक्षाचं म्हणणं पडलं की फोनो आम्ही आणलाय, तर गाणं आमच्याच मांडवाला ऐकू आलं पाहिजे. वरपक्षाने फुकट का ऐकावं? वरपक्ष म्हणाला, कर्ण्याची पाठ आमच्याकडे केलीत तर आम्ही उठलोच. हरिभाऊ म्हणाले, "बरं. तसं करू," आणि दर तीन गाण्यांनी कर्णा फिरवत बसले. संध्याकाळपर्यंत त्यांची मान अवघडली होती, पण लग्न लागलं.

भोसरीच्या एका भजनी मंडळाने फोनो नेला. बुवांची समजूत अशी की तबकडीतल्या बाईने एक ओळ म्हणायची, मग मंडळाने तीच ओळ चार वेळा घोळवायची, आणि तोवर बाईने थांबायचं. बाई काही थांबेना. बुवा चिडून म्हणाले, "हिला टाळकऱ्यांची कदर न्हाई, हरिभाऊ. तुमी सांगा तिला." हरिभाऊंनी बाजू घेतली ती बुवांचीच. पूर्ण भजनभर ते बोटाने तबकडी थांबवत आणि सोडत बसले. दर वेळी सुटताना बाई आधी बैलासारखी हंबरायची आणि मग सुरावर यायची. बुवा मात्र खूश झाले. "आता ऐकायला लागली," म्हणाले.

आणि हे फक्त खेड्यातलेच लोक करत होते असं नाही. आमच्या चिंचवडातल्याच एका सोवळ्या आजींनी नातवाच्या मुंजीला फोनो आणवला. गाणारी कोण, कुठली, हे माहीत नाही, म्हणून मुंजीच्या आदल्या दिवशी त्यांनी सहा तबकड्या कढत पाण्यात रिठे घालून धुतल्या. तबकड्या पापडासारख्या वेड्यावाकड्या झाल्या. त्यातली एक तरीही वाजवून पाहिली तर गाणं हेलकावे खात आलं. "रडतेय का हो ती?" आजींनी विचारलं. हरिभाऊ म्हणाले, "होय. मुंज म्हणजे भरून येतंच." घरी आल्यावर त्या सहा तबकड्या त्यांनी भिंतीला टेकवून ठेवल्या, टाकल्या नाहीत.

या हकिगती सांगून मी कारखान्यात पुष्कळ हशा मिळवला. हरिभाऊंच्या मागच्या खोलीत काय चाललं होतं ते मात्र कुणाला सांगत नव्हतो.

मागच्या खोलीत अनुसयावहिनी होत्या, खाटेवर. क्षय. त्या काळी हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. आमची ही त्यांच्याशी बोलायची ती उंबऱ्याबाहेरून, पदर नाकाला लावून. मी दुकानात तास-तास बसायचो, पण त्यांच्याकडचं पाणी कधी प्यालो नाही. हरिभाऊंनी ते ओळखलं होतं. मला चहा द्यायचा तर ते समोरच्या हॉटेलातून मागवत. कारखान्यात औषधं होतात म्हणून त्यांनी एकदा, एकदाच, मला विचारलं की यावर काही आहे का. मी चौकशी केली. आमचं औषध या रोगाचं नव्हतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं."

वहिनी हसऱ्या होत्या. खोकल्याची उबळ नसली की आतून दुकानावर लक्ष ठेवून असत. हरिभाऊ नवी तबकडी लावून बघायला लागले की आतून आवाज यायचा, "ही बाई श्वास चोरतेय बघा. आता तान अर्ध्यावर टाकील." आणि ती टाकायचीच. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण अर्ध्यावर टाकलेली तान कशी असते ते मी त्या खोलीतून शिकलो.

वहिनींना ते कुठून कळायचं, हे आमच्या हिने उंबऱ्याबाहेर बसून काढून घेतलं. लग्नाआधी त्या पुण्यात गणपतीतल्या मेळ्यात गायच्या. लग्न झालं आणि त्याच वर्षी तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा एक माणूस मुंबईहून घरी आला. त्याने मेळ्यातलं गाणं लक्षात ठेवलं होतं. दोन गाणी घेऊ म्हणाला. वहिनींनी नवऱ्याला विचारलं. "मी काही मागितलं ते तेवढंच हो," त्या हिला म्हणाल्या. जन्मभर परक्या माणसांना "तसं करू" म्हणणाऱ्या हरिभाऊंनी तेव्हा सांगितलं, "तसं नको. घरातल्या बाईचा आवाज चहाच्या दुकानात वाजायला नको." तो माणूस गेला, पुन्हा आला नाही. पुढे घड्याळाचं दुकान बंद पडलं, आणि पोटासाठी हरिभाऊंनी काय घेतलं, तर फोनो. दुसऱ्यांच्या घरातल्या बायकांचे आवाज गावोगाव वाजवत ते फिरू लागले. हे ऐकलं तेव्हा मला त्यांचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

आता खणाचं सांगतो.

चाकणजवळच्या मेदनकरवाडीला धोंडिबा म्हणून एक शेतकरी होता. त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात हरिभाऊ फोनो घेऊन गेले. लग्न आटोपलं, वाजंत्र्यांना नारळ दिले, हरिभाऊंनाही दिला. मग धोंडिबाची आई, सोनाबाई, ताटात खण, नारळ आणि हळदकुंकू घेऊन आली आणि फोनोपुढे उभी राहिली. गाणाऱ्या बाईची ओटी राहिली म्हणाली. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, पेटीत बाई नसती."

सोनाबाई संतापली. "मला काय येडी समजता? बाई पेटीत न्हाई ते मलाबी दिसतंय. पण गळा कुणाच्या तरी बाईचा हाय का न्हाई? सकाळधरनं गातीय. माझ्या दारात गाऊन रिकाम्या वटीनं कशी जाईल? तिच्या घरी पोचवा." मग हरिभाऊंकडे वळून तिने विचारलं, "तुमच्या घरातलीच हाय का?"

हरिभाऊ मला नंतर म्हणाले की मी काय बोललो ते माझं मलाच नंतर ऐकू आलं. ते म्हणाले होते, "हो."

गिऱ्हाइकाच्या होला हो मिळवायची सवय, की आणखी काही? मी पुष्कळदा विचार केला. ठरवता आलं नाही.

खण घरी आला. हिरवा, तांबड्या काठाचा, जाडाभरडा. हरिभाऊंनी तो खाटेवर ठेवला आणि सगळं सांगितलं. मी दुकानात होतो. मला वाटलं, आता वहिनी रडतील, नाहीतर भिरकावून देतील. त्या खोकला येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आज मी मेदनकरवाडीला गाऊन आले! चांगलं गायले का?"

"दोनदा 'परत, परत' झालं."

"आणि तुम्हाला?"

हरिभाऊ कर्णा पुसायला लागले.

त्या दिवसापासून हा रिवाजच पडला. एका गावाने ओटी भरली म्हटल्यावर दुसरं गाव मागे कसं राहील? फोनोवाल्याची बायको गाते, घरंदाज आहे म्हणून मांडवात येत नाही, आवाज पाठवते, अशी बातमी चाकणपासून आळंदीपर्यंत पसरली. बाप्याचं गाणं लागलं की तो तिचा भाऊ गातो, असंही लोकांनीच ठरवून टाकलं. प्रत्येक लग्नातून एक खण यायचा. हरिभाऊ उंबऱ्यातूनच हाक द्यायचे, "घ्या बाईसाहेब, तुमचा खण." आतून प्रश्न यायचा, "आज मी कुठं गायले?" मग गावाचं नाव, मांडव कसा होता, कोण रडलं, कोण भांडलं. शेवटी, "चांगलं गायले का?" "लोकांना आवडलं." "आणि तुम्हाला?" इथे हरिभाऊंना नेहमी काहीतरी काम निघायचं. पिन बदलायची असे, नाहीतर फळ्या लावायच्या असत. पाच वर्षांत या प्रश्नाचं उत्तर मी ऐकलं नाही.

वहिनींनी त्यातला एकही खण शिवला नाही. हिने विचारलं तर म्हणाल्या, "अंगात घालायचा तर अंगाने गायला हवं." एका पत्र्याच्या ट्रंकेत त्या ते ठेवत. कुठला खण कुठल्या गावचा हे त्यांना पाठ होतं. दुपारी ट्रंक उघडून बसत आणि एकेक हातात घेऊन गावांची नावं म्हणत. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. दवाखान्यात खाटेसाठी नाव घातलं होतं, पण नंबर लागायच्या आत चैत्रात त्या गेल्या. मी त्यांना गाताना कधीच ऐकलं नाही. तोवर त्यांना सलग एक वाक्य बोलणंही जड जात होतं.

नवऱ्याच्या आधी गेलेली बाई म्हणून शेजारच्या बायका ओटी भरायला आल्या. रोगाला भिऊन वर्षानुवर्षं घरात न आलेल्या बायका त्या दिवशी आल्या, आमचीही त्यांत होती. खण हवा म्हणून ट्रंक उघडली तर आत थप्पी. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने वरचा उचलला. हरिभाऊ दारात बसले होते, ते एकदम उठले. "तो नको, तो मोशीचा. तिथे पाऊस आला होता, गाणं झालंच नाही नीट." त्यांनी स्वतः तळापर्यंत हात घातला आणि मेदनकरवाडीचा खण काढून दिला. सगळी गावं त्यांनाही पाठ होती, हे तेव्हा कळलं.

वहिनींना जाऊन महिना झाला आणि धोंडिबाची गाडी दारात आली. धाकट्या मुलीचं लग्न होतं. हरिभाऊ चावी देताना फेरे चुकत होते, म्हणून मी रजा काढून बरोबर गेलो. मेदनकरवाडीत कुणाला काही माहीत नव्हतं. आम्ही मांडवात फोनो लावला. दुपारी लग्न लागलं, पंगती उठायला लागल्या. तबकडीतल्या बाईचं गाणं चालू होतं, तेच, थोरलीच्या लग्नात पुन्हा पुन्हा वाजलेलं. तेवढ्यात सोनाबाई ताट घेऊन आली. खण, नारळ, हळदकुंकू.

"घ्या. बाईला पोचवा."

हरिभाऊ खणाकडे बघत राहिले. हात पुढे करीनात.

"घ्या की."

"ती गेली, आजी."

"कुठं गेली?"

"गेली. महिना झाला."

ताट सोनाबाईच्या हातात तसंच राहिलं. गाणं चालू होतं. वराचा चुलता जवळ बसला होता, त्याने ऐकलं. तो उठून उभा राहिला. "बाई मेली? मग हे गातंय कोन?" मांडव गप्प झाला, त्यामुळे गाणं आणखीच मोठं झालं. "धोंडिबा, मेलेल्या बाईच्या तोंडचं गाणं लावून आमची सून नेऊ का आमी? बंद करा आधी ते!" कुणीतरी धावत येऊन पिन उचलली. तबकडीवर ओरखडा उठला, करकरीत. नवरी रडायला लागली.

एक वाक्य पुरलं असतं. ही गाणारी कुणी दुसरीच आहे, मुंबईला असते, चांगली धडधाकट आहे, एवढंच. मी हरिभाऊंना कोपर मारलं. "सांगा ना!" मग मीच तोंड उघडलं, "अहो, ऐका, ही बाई..." हरिभाऊंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या अंगात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

धोंडिबा भला माणूस. त्याने आम्हाला शिव्या दिल्या नाहीत, गाडी जुंपून दिली. हलगीवाल्यांना बोलावून पुढचं निभावलं. मोशी मागे पडली. मग हरिभाऊ मांडीवरच्या कर्ण्यावर हात ठेवून म्हणाले, "कारकूनसाहेब, आता सांगितलं की तो आवाज तिचा नव्हता, तर तिने गायलेलं एकही गाणं उरत नाही."

"आणि धंदा?"

"ट्रंकभर गावांत गायली ती. एकही उरत नाही," ते पुन्हा म्हणाले.

मी चिडलो होतो. म्हणालो, हे तेव्हाच सुचायला हवं होतं, कंपनीचा माणूस दारात आला तेव्हा. बोलून गेलो आणि जीभ चावली. हरिभाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले, "खरं आहे."

त्या लगीनसराईत त्यांना पुन्हा गाडी आली नाही. मेलेल्या बाईचा फोनो ही बातमी खणाच्या बातमीपेक्षा लवकर पसरली. आळंदीच्या एका पुजाऱ्याने तर फोनोची शांत करून घ्या म्हणून निरोप पाठवला. हरिभाऊंनी त्यालाही "बरं" कळवलं आणि केलं काही नाही. ते पुन्हा घड्याळं घेऊन बसू लागले. पाळीवर जाणारे कामगार घड्याळं आणत. दृष्टी अधू झाली होती, काम जमत नव्हतं. दुकानाच्या फळ्या दुपारपर्यंत लागलेल्याच दिसू लागल्या. अखेर त्यांनी गावी भावाकडे जायचं ठरवलं. खाट मोडीत घातली. मशीन कुणी विकत घेईना.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेलो, तर दारात बैलगाडी. सोनाबाई आली होती, धोंडिबाचा हात धरून. दुकानात येऊन ती जमिनीवरच बसली.

"ती तुमच्या आधी गेली न्हवं?" तिने विचारलं. "कपाळाचं कुकू घेऊन?"

"हो."

"मंग? अशी बाई गेली तर आमी तिच्या पाया पडतो. तिचा गळा वंगाळ कसा? बाप्यांना काय कळतं? मी तवाच म्हनले, पन माझं कोन ऐकतंय!" मग ती जरा पुढे सरकली. "गानं अर्ध्यात तोडलं तुमचं. पोरीच्या लग्नातलं गानं अर्धं ऱ्हायलंय. मला त्ये पुरं करून द्या."

हरिभाऊंनी मान डावीकडे कलती केली. "बरं. तसं करू."

बांधलेल्या सामानातून त्यांनी फोनो सोडवला. फेरे मोजत चावी दिली. पिन नखावर टेकवून पाहिली. तबकडी तीच, मधे ओरखडा. त्या जागी गाणं दर फेऱ्याला टचकत होतं, पण पुढे जात होतं. सोनाबाई डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून ऐकत होती. मी हरिभाऊंकडे बघत होतो. एका तानेपाशी त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. बाईने तान अर्ध्यावर टाकली. आतून कुणी काही म्हणालं नाही.

गाणं संपलं. सोनाबाईने डोळे पुसले.

"काय ग्वाड गळा व्हता हो बाईचा. तुमी कंदी म्हनला व्हता का तिला?"

हरिभाऊ पिन काढत होते. त्यांनी ती खाली ठेवली. या खेपेला त्यांनी दुसरं काम काढलं नाही.

"नाही, आजी."

माझ्या माहितीत त्यांनी गिऱ्हाइकाला म्हटलेलं हे पहिलं 'नाही'. कमरेला खोचलेला खण काढून म्हातारीने फोनोवर ठेवला, वर हळदकुंकवाची बोटं लावली आणि धोंडिबाच्या आधाराने उठली. गाडी गेली.

हरिभाऊंनी खण उचलला. सवयीने मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथे थांबले. आत आता खाट नव्हती, खाटेच्या चार पायांचे डाग होते आणि ती ट्रंक. मी वहाणा घातल्या, निघावं म्हणून. मला वाटलं ते परत फिरतील. पण ते आत गेले. ट्रंकेची कडी वाजली.

"मेदनकरवाडीहून आलाय," ते आत कुणाला तरी सांगत होते. "मागे अर्धं राहिलं होतं ना, ते आज पुरं झालं. म्हातारी रडली."

मी पायरी उतरलो तेव्हा ते म्हणाले, अगदी हळू, पण मला ऐकू आलं.

"मलाही आवडलं."